ताकद जाते का?

केजला खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी जिम आहे. खाली युरियाची पोती, वर लोखंड. येणाऱ्यांत निम्मे भरतीची तयारी करणारे, उरलेले लग्न ठरलेले किंवा ठरत नसलेले. सगळ्यांना प्रश्न असतात आणि प्रत्येकाकडं आधीच कुणाचं तरी उत्तर असतं. कच्ची अंडी प्यायली की जास्त ताकद येते. अंगाला प्लास्टिक गुंडाळून पळलं की पोट उतरतं. पावडर खाल्ली की किडनी जाते आणि वर मूलबी होत नाही. मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला माणूस, वाचायची सवय असलेला. असलं काही कानावर आलं की माझं डोकं सणकतं. मग मी विचारतो, पुरावा काय? पोरं माघारी मला 'पुरावा सर' म्हणतात, हेही मला माहीत आहे.

उत्तरं मात्र मी नीट देतो. कच्च्यापेक्षा उकडलेलं अंडं अंगी जास्त लागतं. प्लास्टिकनं उतरतं ते पाणी. घरी जाऊन तांब्याभर प्यायलास की वजन पुन्हा जागेवर. नुसते पोटाचे व्यायाम करून नुसती पोटाची चरबी जात नाही, ती जायची तेव्हा सगळ्या अंगाची जाते. निरोगी माणसाच्या किडनीला क्रिएटिनच्या पावडरीनं इजा होते असं अभ्यासात दिसलेलं नाही, पण किडनीचा त्रास आधीच असला तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नको. झोपेत कपडे खराब झाले म्हणून ताकद जात नाही, कुणा वैद्याच्या पुड्या आणू नको. हा शेवटचा प्रश्न विचारताना पोरं माझ्याकडं न बघता डंबेलकडं बघतात. मी पण डंबेलकडं बघूनच उत्तर देतो.

लग्न झालेले जरा मागं थांबतात. घाम पुसत पुसत म्हणतात, "सर, एक जण इचारीत होता. ते नसबंदीचं. त्यानं ताकद जाते का?"

मी सांगतो, जात नाही. ज्या नळीतून बीज येतं तेवढी नळी बंद करतात. ताकद, दाढीमिशी, इच्छा ज्याच्यावर चालते ते रक्तातून जातं, त्याला कुणी हात लावत नाही. जागा बधिर करून थोडक्या वेळात होतं. बाईचं पोटाच्या आतलं असतं, गड्याचं वरच्यावर, म्हणून गड्याचं सोपं. तपासणी करून डॉक्टर 'आता हरकत नाही' म्हणेपर्यंत मात्र दुसरी काळजी घ्यायची, कारण असर लगेच होत नाही.

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. फक्त एक वाक्य मी कधी बोललो नाही. मी स्वतः केलेली आहे, हे.

दुसऱ्या लेकरानंतर बायकोला गोळ्या सोसेनात. तांबी बसवली, तर अंगावरून इतकं जायला लागलं की ती काढावी लागली. तेव्हा मीच म्हणालो, मी करतो. लोकांना शिकवायचं आणि आपण मागं सरायचं हे मला पटत नव्हतं. बायको माझ्याकडं बघतच राहिली होती. मला माझा अभिमान वाटला होता, आणि तो मी चांगला दोन दिवस मिरवला, तिच्यापुढंच.

आईला सांगितलं, "आमी बीडला जाऊन ऑपरेशन करून येतो."

"या करून बाबा. दोन लेकरं बास झाली," आई म्हणाली.

कुणाचं ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. यात लपवायचा विचार नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण आमच्याकडं ऑपरेशन म्हटलं की ते बाईचं. पाऊस म्हटल्यावर कुणी 'वरून का?' असं विचारत नाही.

बीडला अर्ध्या दिवसात काम झालं. डॉक्टर म्हणाले, लंगोट घट्ट बांधा, आठवडाभर जड उचलू नका. येताना यष्टीनं प्रत्येक खड्ड्याची ओळख करून दिली. बायकोनं मला खिडकीची जागा दिली, पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि वाटेत मला दोनदा विचारलं, दुखतंय का. मी म्हणालो, काही नाही. खरंच फार नव्हतं.

घरी पोचलो तर आई दारात उभी. हातात भाकरतुकडा. तो तिनं बायकोवरून ओवाळून टाकला, तिला दंडाला धरलं आणि हळूहळू चल म्हणत आत नेलं. आतल्या खोलीत अंथरूण घातलेलं होतं, हळद घातलेलं दूध तयार होतं, आणि डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवला होता. बायकोनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी चपला काढत होतो.

आई, तिचं नाही, माझं. एवढे चार शब्द होते. चपला काढून झाल्या तरी ते तोंडातून निघाले नाहीत. मला लाज वाटली. केल्याची नाही, ते लोकांना कळण्याची. बैल खच्ची केला की गडी माणसं बांधावर बसून काय काय बोलतात ते मी लहानपणापासून ऐकलेलं. त्यात माझा धंदा ताकदीचा. ज्याच्याकडं पोरं छाती फुगवायला येतात त्याच्याविषयी पारावर काय बोललं जाईल, हे मला पाठ होतं. बायको अंथरुणावर बसली, दूध प्यायली, आणि त्या दिवसापासून ऑपरेशन तिचं झालं.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, म्हशीची सरकी पेंड आलीय, पोतं आत घे. मी म्हणालो, कमरेत उसण भरलीय.

"आता घ्या. ऑपरेशन तिचं अन कंबर गेली ह्याची," आई म्हणाली, आणि धाकट्या भावाला हाक मारली.

भावानं हसत पोतं उचललं. जिममध्ये चार पोरांनी उसणीवर चार उपाय सांगितले, एकानं पायाळू माणसाची लाथ घ्या म्हणून सुचवलं. मी त्याला पुरावा विचारला नाही. बायको आत कंटाळून बसलेली. आई बाहेर गेली की ती डबा माझ्याकडं सरकवायची. "खावा. ज्याचं त्याला मिळू द्या." आणि मग, "सांगा की आता त्यांना."

"सांगतो."

सांगितलं नाही. चार दिवस बसून तिचं अंग आंबलं, तेव्हा ती उठली आणि चुलीपुढं जाऊन भाकरी थापायला लागली. आईला केवढं कौतुक. गल्लीतल्या बायकांना बोलावून सांगायची, "आमच्या थोरलीचं अंग लोखंडी हाय. आजकालच्या पोरींसारखं न्हाई. ऑपरेशन करून आली अन लगीच भाकरीला बसली." हे ऐकून आम्ही दोघं आतल्या खोलीत तोंडावर हात धरून हसलो होतो. त्या हसण्याचं मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

माझा भाऊ शेती बघतो. मी केजला जिम चालवतो म्हणून उसाचं, म्हशीचं, सगळं त्याच्या अंगावर पडलं, पण कधी कुरकुर नाही. त्याची बायको हडकुळी पोर. दोन्ही लेकरं सिझेरियनची, दुसऱ्या वेळी तर तिचं रक्त इतकं कमी होतं की पिशवी लावावी लागली. हंडा घेऊन ओट्यापर्यंत आली की धाप लागायची. यंदा ती तपासायला गेली, तेव्हा डॉक्टरीणबाई भावाला म्हणाल्या, हिचं करायचं तर आधी रक्त वाढवावं लागेल. त्यापेक्षा तुम्हीच का करून घेत नाही?

भाऊ दुसऱ्या दिवशी जिममध्ये आला. तो कधी येत नाही; म्हणतो, वजन उचलायचे पैसे देणारी माणसं आमच्या रानात पाठव. येऊन बाकावर बसला, चप्पल पायानं फिरवत राहिला.

"दादा, तू पोरांना सांगतूस म्हणं. त्यानं ताकद जाते का?"

मी सगळं सांगितलं. नळी, रक्त, बधिर करणं, तपासणी. इतकं छान मी कुणालाच सांगितलं नसेल.

"हे कुणी बघितलं?"

"अभ्यास झालेत. लई झालेत. जगभर."

"जगाचं राहू दे. मला उसाची मोळी डोक्यावर घ्यावी लागती. आपल्याकडच्या कुणी केलीया का? एकानं तरी?"

"असतील की."

"कोण? नाव सांग. जाऊन इचारतो."

पलीकडं काही पोरं दोरीवर उड्या मारत होती. एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "नीट मार बे, पाय उचल." ही पोरं ऐकतील, असं कारण मी मनात तयार केलं. ती ऐकत नव्हती.

"असलं नाव कोण सांगतं," मी म्हणालो.

"मंग," भाऊ म्हणाला आणि उठला. "पाणी सोडून आलतो उसाला."

जिन्यावरून तो खाली उतरेपर्यंत त्याला हाक मारता आली असती. मी एका पोराचा खांदा सरळ करत राहिलो.

घरी आईनं निकाल लावून टाकला. गड्यानं असलं काही करायचं हे तिच्या कानाला सोसतच नव्हतं. "डॉक्टरला काय जातंय बोलायला. नांगर कोण धरणार? थोरलीला काय झालं का? हिला बी काही व्हायचं न्हाई." धाकटी मान खाली घालून तांदूळ निवडत होती. तिलाही ते पटलं होतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी थोरल्या जावेला लगेच भाकरी थापताना पाहिलं होतं. जगभरच्या अभ्यासाचं आमच्या घरात काही चाललं नाही. आमच्या घरात पुरावा होता, डोळ्यांदेखतचा, आणि तो खोटा होता. तो मी तयार केला होता.

धाकटीला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आई तिला खजूर, गूळ-शेंगदाणे खाऊ घालायला लागली. माया नव्हती असं कुणी म्हणू नये. बायको माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. एकदा दुपारी कपडे वाळत घालताना म्हणाली, "माझं नाव पुढं करून तिला पाठवाय लागलेत. तुमाला झोप लागती का?"

"तू सांग की मग आईला," मी म्हणालो. किती नीच बोललो ते बोलल्याबरोबर कळलं.

"मी सांगितलं तर म्हणतील, नवऱ्याची अब्रू घालवली. हे तुमचं हाय. तुमीच सांगा."

धाकटीला सांगायचं तर आमच्याकडं भासरा, म्हणजे थोरला दीर, आणि भावजय समोरासमोर बोलत नाहीत. मी ओसरीवर आलो की ती पदर सावरून आत जाते. काही हवं असलं तर लेकराला पुढं करून बोलते. तिच्यापुढं मी हा विषय काढणार कसा, असं मी स्वतःला समजावलं. रीत बरी सापडली लपायला. राहिला भाऊ. धाकटीचं रक्त पुरेसं वाढलं, ऑपरेशनच्या शिबिराची तारीख मिळाली, तेव्हा मी रानात गेलो. तो उसाला पाणी देत दारं धरत होता, हातात खोरं, पाय चिखलात. मी बांधावर उभा राहून एका दमात सांगून टाकलं. तेव्हा बीडला ऑपरेशन माझं झालं होतं. तुझ्या वहिनीचं नाही. बघ, मी आहे तसाच आहे. हा पुरावा.

तो आधी हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की मी चेष्टा करत नाही. खोरं त्यानं चिखलात रोवलं.

"पेंडीचं पोतं मी उचललं व्हतं."

"हो."

"तुला काही झालं न्हाई म्हणतूस."

"काहीच नाही. आजपण दीडशे किलो उचलतो."

"काहीच झालं न्हाई, तर मंग लपवलं कावून?"

आयुष्यात पहिल्यांदा मला पुरावा मागणारा भेटला होता आणि माझ्या पुराव्यावर माझंच वागणं उलटलं होतं. जे लपवावं लागतं त्यात काहीतरी असणारच, हा त्याचा हिशोब. आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही तोच केला असता.

"लोकाला भ्यालो," मी म्हणालो.

"तू एवढा शिकलेला, तू भ्यालास. मंग मी कोण? मला तर रोज त्याच लोकात बसायचंय." त्यानं खोरं उपसलं. "आता कुणाला बोलू नको, दादा. तुझं बी नको अन माझं बी नको. तारीख मिळालीया. तिचं होऊन जाऊ दे."

सांगून झालं, आता त्याची मर्जी, असं म्हणत गाडीला किक मारली. घरी येईपर्यंत मला हलकंसुद्धा वाटत होतं.

धाकटीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सगळं नीट केलं, त्यात कुणाला बोल लावायला जागा नाही. पण दोनदा फाडून शिवलेलं ते पोट, वरून अंगात रक्त बेताचं, तिला उठवेना. ताप येऊन गेला. खोकला आला की ती उशी पोटाशी दाबायची. लाडू तिलाही झाले, भाकरतुकडा ओवाळला, हळदीचं दूध झालं. बायकोनं तिला घास भरवले, न्हाऊ घातलं, तिची लेकरं आपल्याजवळ निजवली. मी बघत होतो, ती कामात स्वतःला नुसती जाळून घेत होती.

आई वाईट मनानं बोलायची नाही. पण जाता-येता तिच्या तोंडून निघायचं, "थोरली तर एव्हाना भाकरीला बसली व्हती." पहिल्यांदा धीर द्यायला म्हणाली. नंतर सवयीनं. धाकटी ऐकून घ्यायची आणि भिंतीकडं तोंड करायची.

मग एका सकाळी ती उठली. बायको गोठ्यात होती. मी ओसरीवर जिमला निघायच्या तयारीत. आतून परातीचा आवाज आला, थापल्याचा आवाज आला, मग थांबला. बायको गोठ्यातून धावत आत गेली.

"अगं, कुणी सांगितलं तुला? ऊठ."

"ताई, तुमी कशा बसलात?" धाकटी रडत होती, पण आवाज दाबून. "एक भाकर थापली अन डोळ्यापुढं अंधारी आली. तुमाला बी टाके व्हते, तुमी कशा उठलात? माझंच अंग असलं कसं? आळशी हाय का मी?"

आई देवापुढून उठून दारात आली होती.

मी उंबऱ्याच्या आत गेलो. धाकटीनं पिठाच्या हातानं पदर ओढला. मी तिच्याकडं न बघता चुलीकडं बघत म्हणालो, "हिचं ऑपरेशन झालंच न्हाई कधी. माझं झालंय. ती बसून बसून कंटाळली म्हणून उठली होती. तू आळशी न्हाईस."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, कुणी उलटली नाही. आई म्हणाली, "काय बोलतूस तू?" आणि दाराच्या चौकटीला टेकली. तिला मी पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडं नाही, बायकोकडं बघत होती.

धाकटीनं पदर मागं सारला. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलली.

"यांना माहीत व्हतं का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. एवढी सवय होती. भावाची बाजू सावरायला ते बरंही झालं असतं. पण ती माझ्याकडं बघत होती.

"होतं," मी म्हणालो.

"आधी?"

"तारखेच्या आधी."

तिनं मान हलवली. हाताचं पीठ परातीच्या कडेला पुसलं. बायकोनं तिला उठवायला हात पुढं केला. तो तिनं धरला नाही. भिंतीला धरून उठली, पोटावर हात ठेवून वाकतच आत गेली आणि दार लोटून घेतलं. आई तिच्यामागं दोन पावलं जाऊन थांबली.

"तुमी सांगून मोकळे झालात," बायको मला म्हणाली. मग करपलेली भाकरी तिनं खाली काढली, परात ओढून घेतली आणि पुढची थापायला लागली.